इमारतीचा आकार आधी सुचतो की शेवटी?

प्रश्न : आमचे कुटुंब धुळे जिल्ह्यातून सुरतेत येऊन स्थिरावले आहे. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना खजोदला डायमंड बोर्स ही हिरे-व्यापाराची इमारत दाखवायला नेतो. दर वेळी मनात येते, की एवढे नऊ टॉवर आणि त्यांना जोडणारा तो लांबच लांब मार्ग आर्किटेक्टच्या डोक्यात येतो तरी कुठून? आधी बाहेरचा आकार सुचतो आणि मग त्यात खोल्या बसवतात, की खोल्या मांडता मांडता आकार तयार होतो?
– एक वाचक, उधना, सुरत

उत्तर : आकार शेवटी येतो, निदान चांगल्या कामात तरी. खोल्यांची यादीही एक हिशेब झाल्यावरच मांडता येते. किती माणसे येणार, कुठून येणार, कुठे जाणार, त्यांना किती वेळ लागणार, आणि वाटेत ऊन, वारा, पाऊस त्यांचे काय करणार, असा तो हिशेब. तुम्ही ज्या इमारतीचे नाव घेतले आहे तिच्यात तो इतका स्वच्छ वाचता येतो, की उत्तर तिच्यापासूनच सुरू करतो.

सुरत डायमंड बोर्सची रचना दिल्लीच्या मॉर्फोजेनेसिस या फर्मची. मनीत आणि सोनाली रस्तोगी यांनी 1996 मध्ये ती सुरू केली. बोर्ससाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिच्यातून हे काम त्यांना मिळाले. 17 डिसेंबर 2023 रोजी उद्घाटन झाले. सुमारे 35 एकर जागा, पंधरा मजल्यांचे नऊ टॉवर, 4,700 च्या वर कार्यालये आणि 131 लिफ्ट. अमेरिकेच्या पेंटागॉनपेक्षा ही इमारत मोठी, ही बातमी सगळीकडे गाजली. पण पेंटागॉनला मागे टाकायचे म्हणून कोणी रेघ ओढली नव्हती. बांधकाम सुरू होण्याआधीच व्यापाऱ्यांनी कार्यालये घेऊन ठेवली होती. त्या मागणीची बेरीज झाली आणि क्षेत्रफळ ठरले. आर्किटेक्टच्या हाती आकडा आयता आला होता. त्याला सोडवायचे होते ते कोडे वेगळेच : या 4,700 दारांपर्यंत माणसांनी पोचायचे कसे?

उत्तर म्हणून त्यांनी स्वतःला एक अट घालून घेतली. प्रवेशद्वारातून आत आलेला माणूस कोणत्याही कार्यालयात सात मिनिटांत पोचला पाहिजे, मग ते कार्यालय कोपऱ्यातले तीनशे चौरस फुटांचे असो की कित्येक हजार चौरस फुटांचे. छोट्या व्यापाऱ्याला लांब टाकायचे नाही, मोठ्याला दाराशी बसवायचे नाही. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण पुढचा सगळा नकाशा तिच्यातून निघतो.

तो कसा निघतो, हे आपण आपल्या हिशेबाने पाहू. साधा माणूस मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो. सात मिनिटांतली दोन लिफ्टची वाट पाहण्यात आणि वर जाण्यात गेली, असे धरा. उरली पाच मिनिटे, म्हणजे 400 मीटर. आता हीच कार्यालये एकावर एक रचून एकच गगनचुंबी मनोरा उभा केला असता तर चालणे कमी झाले असते, पण सकाळी हजारो माणसे लिफ्टच्या दारात उभी राहिली असती आणि सात मिनिटे तिथेच संपली असती. शिवाय खजोदपासून सुरतचा विमानतळ जवळ आहे, आणि विमानतळाच्या आसपास उंचीला बंधन असते. तेव्हा इमारत आडवी पसरणार, हे ठरले. आडवी पसरायची तर चालण्याची वाट एकच आणि सरळ हवी, नाहीतर माणूस चुकणार. म्हणून मधोमध एक लांब मार्ग आणि त्याच्या दोन्ही अंगांना टॉवर, विमानतळाच्या टर्मिनलसारखी मांडणी. तुम्ही पाहुण्यांना दाखवता तो आकार असा आला आहे.

दुसरी गोष्ट बाजाराच्या सवयीची. महिधरपुऱ्यात किंवा वराछाच्या मिनी बाजारात तुम्ही दुपारी गेला असाल तर पाहिले असेल, की हिऱ्याचा सौदा कार्यालयात जितका होतो तितकाच रस्त्यावर होतो. उभ्या स्कूटरवर टेकून पुडी उघडायची, भिंग डोळ्याला लावायचे, भाव बोलायचा. विश्वासावर चालणाऱ्या धंद्याला एकमेकांची तोंडे रोज दिसावी लागतात. हे सगळे वातानुकूलित खोल्यांत कोंडले असते तर धंद्याची अर्धी रीत बाहेर राहिली असती. बोर्समध्ये टॉवरांच्या मधे सुमारे दीड-दीड एकराची नऊ अंगणे आहेत, बसायला जागा आहे, पाणी आहे. व्यापाऱ्यांनी सहज भेटावे, म्हणून ती ठेवली आहेत. नकाशात ती मोकळी दिसतात, पण ती शिल्लक राहिलेली जागा नव्हे. बाजाराचा रस्ता तिथे आत घेतला आहे.

तिसरी गोष्ट ऊन आणि वाऱ्याची, आणि सुरतेत खरी कसोटी इथेच लागते. समुद्रावरचा वारा आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. दुपारचे सर्वांत त्रासदायक ऊन येते तेही पश्चिमेकडूनच, आणि पावसाचा मारा त्याच अंगाने. खिडकी पश्चिमेला ठेवली तर वारा मिळतो पण भिंत तापते, पाऊस आत येतो. ठेवली नाही तर घर घुसमटते. मुंबईचेही दुखणे हेच. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील कंबाला हिलवरची, 1983 मध्ये पुरी झालेली कांचनजंगा ही इमारत याच पेचातून घडवली. जुन्या बंगल्यांना चारही बाजूंनी व्हरांडा असे; ऊन-पाऊस व्हरांड्यात अडे आणि वारा तेवढा आत येई. कोरियांनी तो व्हरांडा उचलून 28 मजल्यांच्या इमारतीत नेला. कोपऱ्याकोपऱ्यावर दुमजली उंचीच्या बागा दिल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्यामागे सरकवल्या. लांबून दिसणारे ते कोरलेले कोपरे शोभेसाठी काढल्यासारखे वाटतात. ते उन्हा-पावसाचे उत्तर आहे.

सुरतेच्या जुन्या वस्तीत, गोपीपुऱ्यात किंवा नानपुऱ्यात, हेच उत्तर आणखी जुन्या तऱ्हेने सापडते. रस्त्याला अरुंद तोंड, आत लांबवर गेलेले घर आणि मधे चौक. तापलेली हवा चौकातून वर जाते, समोरून गार हवा ओढली जाते. बोर्समध्ये मधला मार्ग टोकांना रुंदावत नेला आहे, तो वाहता वारा आत ओढून घ्यावा म्हणून. जमिनीखालून थंड पाणी फिरवून सामायिक भाग गार ठेवण्याचीही सोय आहे. वैयक्तिक कार्यालयांत मात्र नेहमीचे एसी आहेत, हेही सांगितले पाहिजे. सगळी इमारत वाऱ्यावर चालते असा समज करून घेऊ नका.

आता कागदावर हे कसे उतरते, ते पाहू. आर्किटेक्टच्या टेबलावर पहिल्यांदा येते ती जागेची मोजणी. गुजरातेत टी.पी. स्कीम, म्हणजे नगररचना योजना, झालेली असेल तर तुमच्या जुन्या सर्व्हे नंबरच्या जमिनीचा आकारच बदललेला असतो. हाती येतो तो एफ.पी. (अंतिम भूखंडाचा) नंबर, ठरलेला रस्ता, सोडायची मार्जिन आणि मिळणारा एफएसआय (चटई निर्देशांक). त्याबरोबर मातीचा रिपोर्ट. सुरत तापीच्या गाळावर बसलेली आहे आणि बऱ्याच भागांत काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया कसा घ्यायचा, हा खर्चाचा मोठा प्रश्न असतो. मग ट्रेसिंग पेपरवर नुसती वर्तुळे काढली जातात : हे प्रवेशाचे, हे बैठकीचे, हे मालाचे, हे शौचालयाचे. कोणते कोणाशेजारी, कोणते कोणापासून लांब. या कागदाला माप नसते. एकावर दुसरा कागद ठेवायचा, खालचे जे पटले ते गिरवायचे, जे पटले नाही ते सोडायचे. असे कागद ढिगाने जमतात आणि त्यातले बहुतेक टाकायचेच असतात. टाकलेल्या कागदांतच डिझाइन झालेले असते, असे मला वाटते, कारण काय चालणार नाही ते तिथे कळते.

माप आले की इमारत हट्टीपणा करू लागते. एका जिन्याचाच हिशेब करा. मजल्याची उंची तीन मीटर. पायरीची उंची 15 सेंटिमीटर घेतली तर वीस चढ होतात. मधे लँडिंग घेऊन दहा-दहाच्या दोन ओळी करायच्या. प्रत्येक ओळीत पाय ठेवायच्या नऊ पायऱ्या, प्रत्येक 30 सेंटिमीटरची, म्हणजे 2.7 मीटर. दोन्ही टोकांना 1.2 मीटरची लँडिंग. झाले 5.1 मीटर लांब आणि साधारण अडीच मीटर रुंद. हा तुकडा प्रत्येक मजल्यावर त्याच जागी येणार, त्याला हलवता येणार नाही. शेजारी लिफ्ट, शेजारी पाण्याच्या आणि विजेच्या डक्ट. हा गठ्ठा कुठे ठेवायचा हे ठरले की निम्मी इमारत ठरली. म्हणून जाणते आर्किटेक्ट जिना आधी काढतात, दर्शनी भाग मागाहून.

आणखी एक गोष्ट, जी पाहणाऱ्याच्या कधी लक्षात येत नाही. वरच्या मजल्यावरच्या केबिनची रुंदी पुष्कळदा तळघरातल्या गाड्या ठरवतात. एका गाडीला अडीच मीटर जागा लागते. दोन कॉलमांच्या मधे तीन गाड्या बसवायच्या तर साडेसात मीटर, अधिक कॉलमची जाडी; म्हणजे कॉलम साधारण आठ-आठ मीटरवर येतात. हेच कॉलम वरपर्यंत जातात, आणि वरच्या भिंती त्यांच्याशी जुळवून घेतात. मग आरसीसीवाला म्हणतो बीम एवढा खोल हवा, एसीवाला म्हणतो बीमखालून माझी डक्ट जायची आहे, आणि मजल्याची उंची वाढवावी लागते. उंची वाढली की जिन्याच्या पायऱ्या वाढतात, जिना लांबतो, आणि पहिल्यापासून पुन्हा. हे फेरे नकाशावर झाले तर खर्च कागदाचा होतो. साइटवर झाले तर स्लॅब फोडावी लागते.

हिऱ्यांच्या बाजाराची मोठी इमारत याआधीही एकदा झाली आहे, आणि तिचा माग आपल्या पुण्यापर्यंत जातो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात सुमारे 20 एकरांवर आठ टॉवरांचा भारत डायमंड बोर्स आहे. त्याची रचना बाळकृष्ण दोशी यांची. दोशींचा जन्म 1927 मध्ये पुण्यात, लाकडी फर्निचर बनवणाऱ्या गुजराती कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते पॅरिसला आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले, परत येऊन अहमदाबादेत स्थिरावले, आणि 2018 मध्ये वास्तुकलेचे प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय ठरले. मुंबई आणि सुरत, दोन्हीकडे एका उंच मनोऱ्याऐवजी जोडलेल्या अनेक इमारती आल्या, कारण दोन्हीकडे धंदा तोच, माणसांची ये-जा तीच. वेगळ्या हातांनी, वेगळ्या काळात काढलेले दोन नकाशे एकमेकांजवळ येतात ते यामुळे.

तरी आर्किटेक्टच्या हातात सगळे नसते. खजोदचा बोर्स उघडल्यानंतरही मुंबईतला धंदा तिकडे हलायला वेळ लागला आणि पुष्कळ कार्यालयांची दारे बंद राहिली. सात मिनिटांचे अंतर आराखडा जिंकू शकतो. मुंबईतले घर, मुलांची शाळा आणि बँकेची ओळख सोडून यायला व्यापाऱ्याला राजी करणे आराखड्याच्या कुवतीबाहेरचे आहे. म्हणून या इमारतीचा आराखडा फसला असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : आता कॉम्प्युटरवर मिनिटात घराची थ्री-डी चित्रे मिळतात. मग आर्किटेक्टने महिनोन् महिने का घ्यावेत?
– एक विद्यार्थिनी, पांडेसरा, सुरत

उत्तर : चित्र लवकर मिळते, हे खरे. कॉम्प्युटरने मोठी मदतही झाली आहे : वारा कसा वाहील, दुपारी चार वाजता कोणत्या खिडकीत ऊन येईल, पाइप आणि बीम कुठे आदळतील, हे बांधण्याआधी तपासता येते. पण तुमच्या आजीला गुडघेदुखी आहे आणि तिची खोली जिन्याखाली काढू नये, हे त्या चित्राला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. वेळ लागतो तो हे विचारून घ्यायला. तुम्हाला या शिक्षणात रस असेल तर आधी आपले राहते घर टेपने मोजून कागदावर काढा. वरून दिसणारा प्लॅन काढा आणि उभा कापल्यावर दिसेल तसा सेक्शनही काढा. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठीच्या नाटा परीक्षेचे नंतर बघू. हा कागद त्याच्या आधीचा अभ्यास आहे.

प्रश्न : डिंडोलीत आमचे रो-हाउस आहे. वर एक मजला घ्यायचा आहे. आर्किटेक्टकडे गेलो तर ते नकाशा देण्याऐवजी प्रश्नच विचारत बसले. कोण कधी उठते, गाडी कुठे लावता, पाणी कधी येते. याची खरोखर गरज असते का?
– एक वाचक, डिंडोली, सुरत

उत्तर : गरज असते, आणि असे प्रश्न विचारणारा माणूस तुम्हाला मिळाला आहे, त्याला सोडू नका. खजोदला जो हिशेब 4,700 दारांसाठी झाला तोच तुमच्या घरात सहा माणसांसाठी व्हायचा आहे.

आपल्याकडची घरे एकदम पुरी होत नाहीत. आधी एक खोली, मग मोरी, मुलगा कमावता झाला की वरचा मजला. दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत, 1989 च्या सुमारास, हीच रीत आराखड्यात धरली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यांनी पुरे घर दिले नाही. जोते, नळ-शौचालयाचा गाभा आणि फार तर एक खोली दिली, आणि पुढे घर कसे वाढेल त्याचे काही नमुने बांधून दाखवले. बाकीचे लोकांनी आपापल्या ऐपतीने बांधले. वाढ होणारच आहे, हे गृहीत धरून जिना, नळ आणि पाया यांच्या जागा आधी नक्की केल्या, यात त्यांची दूरदृष्टी आहे. तुमच्या घराला वरचा मजला पेलेल का, हे मूळ पाया आणि कॉलम तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, मिस्त्रीच्या अंदाजावर भागवू नका. 2001 च्या भुजच्या भूकंपात अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या त्यांत खाली मोकळे पार्किंग आणि वर भरलेले मजले असलेल्या पुष्कळ होत्या. पार्किंगसाठी खालची भिंत पाडायचा विचार असेल तर तो आधी बोलून दाखवा.

ऑगस्ट 2006 चा पूर तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. उकाई धरणातून पाणी सुटले आणि शहराचा मोठा भाग दिवसचे दिवस पाण्यात राहिला. म्हणून विजेचा मुख्य बोर्ड, मीटर आणि पाण्याचा पंप खालच्या मजल्यावर कमरेच्या उंचीला नको. वर जागा आहे तर वर घ्या. हे नकाशात मांडायला एक रेघ पुरते, मागाहून करायला भिंत फोडावी लागते.

आणि जिना. 24 मे 2019 रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि वरच्या मजल्यावर क्लासला आलेली 22 मुले गेली. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, कारण खाली यायची वाट आगीने अडवली होती. वर माणसे वाढवली आणि उतरायची वाट वाढवली नाही, की काय होते ते या शहराने पाहिले आहे. तुमच्या घरात वर मुलगा-सून राहणार, कदाचित उद्या भाडेकरू राहील, कोणी शिकवणी घेईल. तेव्हा जिना किमान एक मीटर मोकळ्या रुंदीचा घ्या, त्याच्याखाली गॅसची टाकी किंवा दुचाकी ठेवू नका, आणि गच्चीचे दार आतून विनाकुलूप उघडेल असे ठेवा. एखादी खोली लहान झाली तरी चालेल.

आर्किटेक्टकडे पुन्हा जाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा दिवस एका कागदावर लिहून न्या, बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा विशेष करून, कारण घरात सर्वांत जास्त वेळ तेच असतात आणि विचारले त्यांना सर्वांत कमी जाते. मूळ मंजूर नकाशा आणि टी.पी.चे कागद सोबत ठेवा. महापालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय सळई मागवू नका. आणि नकाशावर सही करण्याआधी टेप घेऊन, आखलेल्या जिन्याची रुंदी अंगणात खडूने काढून तिच्यावरून एकदा स्वतः चालून पाहा.